पेशी ऑक्सिजन ओढून घेते, तिला तो भरवता येत नाही

पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या रोज सकाळी चढणाऱ्या आमच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप समूहावर गेल्या महिन्याभरात एकच संदेश चार वेळा आला. शेवटच्या वेळी तर ‘डॉक्टर मित्राकडून आलेले’ अशी पुस्तीही त्याला जोडलेली होती. ‘ऑक्सिजन हेच खरे औषध’ असे शीर्षक असलेल्या त्या संदेशाचा आशय असा आहे. आपण बहुतेक जण उथळ श्वास घेतो, त्यामुळे पेशी अर्धपोटी राहतात. दीर्घ श्वास घेतला की पेशींत जास्त ऑक्सिजन शिरतो आणि जास्त ऊर्जा तयार होते. कर्करोगाची पेशी ऑक्सिजनमध्ये जगूच शकत नाही, हे सिद्ध केल्याबद्दल डॉ. ओटो वॉरबर्ग यांना १९३१ साली नोबेल मिळाले, पण औषध कंपन्यांनी ते दडपून ठेवले. शरीर आम्लधर्मी झाले की त्यातला ऑक्सिजन घटतो, म्हणून क्षारधर्मी पाणी प्यावे; ऑक्सिजन मिसळलेले बाटलीतले पाणी त्याहून उत्तम. पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो, म्हणून त्याच्याखाली झोपावे. थकवा म्हणजे पेशींची उपासमार, म्हणून घरात ऑक्सिजनची डबी ठेवून दिवसातून दोनदा हुंगावी. आणि अर्थातच, हे किमान दहा जणांना पाठवावे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे हे ठाऊक असलेले एक ज्येष्ठ मला वरच्या कट्ट्यावर म्हणाले, “सर, नुसते ‘खोटे आहे’ म्हणू नका. कुठे आणि का, ते सांगा.” मागणी रास्त होती. शिवाय हा संदेश पूर्णपणे बनावट नाही. त्यात खऱ्या गोष्टींचे तुकडे आहेत, ते फक्त उलट्या बाजूने जोडलेले आहेत. म्हणून एकेक तुकडा घेतो.

दीर्घ श्वासाच्या दाव्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. त्या रविवारी पायथ्याशी आम्ही एक साधा प्रयोग केला. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर एका सदस्याच्या बोटाला लावला. आकडा ९७ आला. मग त्यांना वीस दीर्घ आणि भरभर श्वास घ्यायला सांगितले. आकडा ९९ वर गेला, आणि त्याच वेळी ते म्हणाले की बोटांना मुंग्या येत आहेत आणि डोके हलके वाटते आहे. संदेशाच्या हिशेबाने त्यांना तरतरी यायला हवी होती.

हा आकडा काय सांगतो ते आधी पाहू. रक्तातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन हिमोग्लोबिनला चिकटून जातो. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असते आणि एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहते, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन. हिमोग्लोबिनला न चिकटता, रक्ताच्या पाण्यात नुसता विरघळून जाणारा ऑक्सिजन त्याच रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो. ऑक्सिमीटरवरचे ९७ म्हणजे शंभरातल्या ९७ जागा आधीच भरलेल्या आहेत. कितीही खोल श्वास घेतला तरी उरलेल्या तीन जागांपेक्षा जास्त भरणार नाहीत; गच्च भरलेल्या पीएमपी बसमध्ये मागून ढकलून आणखी किती माणसे चढतील, तसाच हा प्रकार आहे. फुप्फुसातल्या केशवाहिनीतून रक्त जायला साधारण पाऊण सेकंद लागतो आणि विश्रांतीच्या स्थितीत त्यातल्या पहिल्या एक तृतीयांश वेळातच हिमोग्लोबिन भरून झालेले असते, म्हणजे घाईतही ही भरती चुकत नाही.

मग मुंग्या का आल्या? भरभर श्वासाने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड मात्र झपाट्याने बाहेर फेकला जातो. तो घटला की रक्त किंचित क्षारधर्मी होते, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हिमोग्लोबिन आपला ऑक्सिजन अधिक घट्ट धरून बसते. ख्रिस्तियान बोर या डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९०४ मध्ये दाखवले होते की कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडते, आणि घटला की धरून ठेवते; आम्लतेचाही तसाच परिणाम होतो. म्हणजे पायथ्याशी बसून भरभर श्वास घेणाऱ्या त्या गृहस्थांच्या मेंदूला त्या मिनिटभरात ऑक्सिजन कमीच मिळत होता. संथ प्राणायामाने मन शांत होते, नाडी मंदावते, हा अनुभव मी नाकारत नाही आणि स्वतःही घेतो. पण त्याचे कारण ‘पेशींत जास्त ऑक्सिजन गेला’ हे नाही.

आता खुद्द पेशीकडे. पेशीच्या पटलावर ऑक्सिजन आत ओढणारा कोणताही पंप नाही. ऑक्सिजनचा रेणू लहान आणि विद्युतदृष्ट्या उदासीन असल्याने तो पटलाच्या स्निग्ध थरातून सहज पार होतो, आणि जिथे त्याचा दाब जास्त तिथून जिथे कमी तिकडे आपोआप सरकतो. यालाच आपण विसरण म्हणतो. फुप्फुसाच्या वायुकोशात हा दाब सुमारे १०० मिलिमीटर पारा असतो, ऊतींना देऊन परतणाऱ्या शिरेतल्या रक्तात ४०, आणि पेशीच्या आत त्याहून कमी. दाबाचा हा उतार पेशीच तयार करते, कारण आतला ऑक्सिजन ती वापरून संपवत असते. फुप्फुसे स्वतः ऑक्सिजन स्रवून रक्तात ढकलतात, असे बोर यांना वाटत असे. त्यांचेच शिष्य ऑगस्ट क्रोग यांनी पत्नी मेरी यांच्यासह काळजीपूर्वक मोजमापे करून गुरूंचे मत खोडून काढले आणि नुसते विसरण पुरेसे आहे हे दाखवले. गुरूचे खोडून काढायला वेगळे धैर्य लागते, हे जाता जाता नोंदवतो.

पेशीत शिरलेल्या ऑक्सिजनचे पुढे काय होते, याबद्दल संदेशात ‘तो अन्न जाळतो’ एवढेच म्हटले आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातही चुलीचेच चित्र असते. आत घेतलेला ऑक्सिजन कार्बनला चिकटतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, असे माझे विद्यार्थी परीक्षेत वर्षानुवर्षे लिहीत आले. ते चूक आहे. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन अन्नातून आणि पाण्यातून आलेला असतो. हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचे पेशीत पाणी होते.

हे घडते तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात), म्हणजे पेशीच्या आतल्या ऊर्जाघरात. ग्लुकोजचे दोन तुकडे पेशीद्रवात होतात, आणि त्यात एका ग्लुकोजमागे एटीपीचे निव्वळ दोनच रेणू हाती लागतात. एटीपी हे पेशीचे रोख चलन. स्नायूचे आकुंचन असो वा मज्जातंतूचा संदेश, तिथे एटीपी मोडावे लागते. ते तुकडे तंतुकणिकेत जाऊन क्रेब चक्रात पूर्णपणे सुटे होतात. कार्बन डायऑक्साइड इथेच, ऑक्सिजनला हात न लावता, बाहेर पडतो आणि अन्नातले इलेक्ट्रॉन वाहक रेणूंच्या स्वाधीन होतात. हे इलेक्ट्रॉन मग तंतुकणिकेच्या आतल्या पटलावरील प्रथिनांच्या साखळीतून पायरी पायरीने खाली उतरतात. प्रत्येक मोठ्या पायरीवर सुटलेल्या ऊर्जेने प्रोटॉन पटलाच्या एका बाजूला उपसले जातात. ते परत येण्यासाठी धडपडतात, आणि त्यांना परतायला जे दार ठेवलेले आहे ते म्हणजे एक फिरते यंत्र. ते फिरते आणि एटीपी घडते. प्रोटॉनच्या या उपशाची कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली, तेव्हा तिची बरीच टर उडवली गेली. १९७८ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळाले. फिरत्या यंत्राची रीत उलगडणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ मध्ये. या साऱ्यातून एका ग्लुकोजमागे एकंदर ३० ते ३२ एटीपी मिळतात.

ऑक्सिजन उभा आहे तो या साखळीच्या अगदी तळाशी. सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाच्या विकरात (एन्झाइममध्ये), लोह आणि तांबे यांच्या सांध्यात, एक ऑक्सिजन रेणू चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन घेतो आणि पाण्याचे दोन रेणू होतात. शरीर वापरते त्या ऑक्सिजनपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त इथे, या एका सांध्यात संपतो.

कोयनेचा वीज प्रकल्प पाहिलेल्यांना हे पटकन समजेल. तिथे पाणी उंचावरून पडते, जनित्रे फिरतात, आणि खाली साचणारे अवजल बोगद्याने वाशिष्ठीकडे काढून दिले जाते. तुलना फार ताणू नये, पण अन्नातले इलेक्ट्रॉन हे ते उंचावरचे पाणी आहे आणि ऑक्सिजन हा अवजलाचा बोगदा आहे. बोगदा बुजला तर अवजल तुंबते, पाणी पडायचे थांबते आणि वीज बंद होते. म्हणूनच ऑक्सिजन तुटला की मेंदूला काही मिनिटांतच इजा होते. पण बोगदा दुप्पट रुंद केला म्हणून वीज दुप्पट होत नाही. सायटोक्रोम ऑक्सिडेजची ऑक्सिजनवरची पकड इतकी पक्की असते की भोवती १ ते ३ मिलिमीटर दाब असला तरी त्याचे काम पुरेशा वेगाने चालते. पुण्यासारख्या, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीच्या गावात बसून धडधाकट माणसाच्या पेशींना हा दाब कमी पडण्याचा प्रश्नच येत नाही.

मग वेग ठरवते कोण? खर्च. आपण पर्वतीची पहिली पायरी चढतो तेव्हा मांडीच्या स्नायूत एटीपी मोडून एडीपी होते. एडीपी वाढले की ते फिरते यंत्र चालू होते, प्रोटॉन परत येऊ लागतात, साखळीतले इलेक्ट्रॉन वेगाने उतरतात आणि तळाशी ऑक्सिजन जास्त संपतो. तो संपला की पेशीतला दाब आणखी उतरतो, केशवाहिनीतून जास्त ऑक्सिजन आत सरकतो. स्नायूत तयार झालेली उष्णता, आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड यांमुळे हिमोग्लोबिन जास्त सोडते. जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदय जोरात चालते, आणि सर्वांत शेवटी आपल्याला धाप लागते. विश्रांतीत शरीर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरते, तर हृदय त्याच मिनिटात सुमारे एक लिटर पोचवत असते. म्हणजे तीन चतुर्थांश माल न उतरवताच परत येतो. चढताना काम करणारे स्नायू त्या परतीच्या मालातलाही बराच मोठा भाग उतरवून घेतात. आज्ञा आतून बाहेर जाते, पेशीकडून नाकाकडे. संदेशाने तिची दिशाच उलटी केली आहे.

वर्गात हे दाखवायला मी एक नळी ठेवत असे. कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट कालवायचे, मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे दोन थेंब टाकायचे आणि परीक्षानळी हलवायची नाही. काही मिनिटांत निळेपण विरत जाते आणि दुधी पांढरा द्रव उरतो; फक्त वर, जिथे द्रव हवेला लागतो तिथे, एक बारीक निळे कडे शिल्लक असते. यीस्टच्या पेशी आपले इलेक्ट्रॉन रंगाला देतात आणि रंग फिका पडतो. ऑक्सिजन असेल तर तो रंगाकडून ते काढून घेतो आणि निळा परत येतो. नळीच्या तोंडावर अंगठा धरून ती हलवली की क्षणात सगळी निळी होते. मुलांना वाटे आता प्रयोग संपला. पण स्टँडवर ठेवली की ती पुन्हा पांढरी पडू लागे, कारण आत मिसळलेला ऑक्सिजन यीस्टने संपवलेला असे. जोरात हलवून जास्त हवा मिसळल्याने यीस्टची भूक वाढत नाही; साखर घातली किंवा पाणी थोडे कोमट केले तर वाढते. दूध संकलन केंद्रांत दुधाची प्रत पाहायला हाच रंग वापरत आले आहेत: रंग जितका लवकर उडेल तितके दुधात जंतू जास्त.

रक्तात ऑक्सिजन असणे आणि पेशीने तो वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा सर्वांत क्रूर पुरावा सायनाइड देते. ते सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या लोहाला जाऊन चिकटते. माणूस श्वास घेत असतो, रक्त ऑक्सिजनने भरलेले असते, शिरेतले रक्तसुद्धा लालभडक दिसते, कारण पेशी काहीच उतरवून घेत नाहीत. असा रुग्ण कितीही खोल श्वास घेवो, अवजलाचा बोगदाच बुजलेला असतो. (आणखी एक गंमत: ज्या तांबड्या पेशी आयुष्यभर ऑक्सिजन वाहतात त्यांच्यात तंतुकणिका नसते, त्यामुळे त्या स्वतः त्यातला कणही वापरत नाहीत, पंगतीत वाढणाऱ्याने स्वतः घरची शिळी भाकरी खावी, तशा त्या ग्लुकोजच्या त्या दोन एटीपींवर दिवस काढतात.)

आता नोबेलकडे, कारण सगळ्यांना गार करणारा मुद्दा तोच असतो. ओटो वॉरबर्ग यांना १९३१ चे शरीरक्रियाशास्त्र वा वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले हे खरे. ते मिळाले श्वसनविकराचे स्वरूप आणि त्याची कार्यपद्धती शोधल्याबद्दल. मानपत्रात कर्करोगाचा उल्लेख नाही. तो श्वसनविकर म्हणजे वर सांगितलेला, साखळीच्या तळाचा सांधा. वॉरबर्ग यांनी तो शोधण्यासाठी योजलेली युक्ती मला आजही विलक्षण वाटते. यीस्टच्या पेशींना कार्बन मोनॉक्साइड दिला की त्यांचे श्वसन मंदावते. प्रखर प्रकाश टाकला की ते पुन्हा सुरू होते, कारण प्रकाशाने कार्बन मोनॉक्साइड लोहापासून सुटतो. मग वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकून कोणत्या रंगाने श्वसन किती सुटते हे त्यांनी मोजले, आणि त्या आकड्यांवरून, विकर बाटलीत वेगळे न काढताच, ते हिमोग्लोबिनच्या जातकुळीतल्या लोहयुक्त रंगद्रव्याचे आहे हे ओळखले. ज्या शोधासाठी खरोखर टाळ्या वाजवाव्यात तो संदेशात नाहीच.

कर्करोगावरचे वॉरबर्ग यांचे काम १९२० च्या दशकातले. उंदरांच्या गाठींचे पातळ काप घेऊन त्यांनी वायूंची मोजमापे केली आणि त्यांना दिसले की या पेशी भरपूर ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजचे किण्वन, म्हणजे ऑक्सिजन न वापरता अर्धवट विघटन, करून लॅक्टिक आम्ल बनवतात. वाक्य पुन्हा वाचावे: ऑक्सिजन असतानाही. ज्या प्रयोगाच्या आधारावर ‘कर्करोग ऑक्सिजनमध्ये जगू शकत नाही’ असे सांगितले जाते, त्या प्रयोगाचे सारे वैशिष्ट्यच हे आहे की त्या पेशी ऑक्सिजनमध्ये जिवंत राहून तसे वागत होत्या. बिघडलेले श्वसन हेच कर्करोगाचे मूळ कारण आहे, असे वॉरबर्ग यांचे मत मात्र होते आणि १९६६ मध्ये लिंडाऊ येथील नोबेल विजेत्यांच्या मेळाव्यातील व्याख्यानातही त्यांनी ते ठामपणे मांडले. संदेशकर्त्याने त्यांच्या तोंडी काहीच घातले नाही असे नव्हे. पण त्यांचे मत आणि त्यांचे सिद्ध झालेले काम यांत गल्लत केली. पुढच्या संशोधनात बहुतेक कर्करोगपेशींच्या तंतुकणिका चालू स्थितीत असतात असे आढळले. त्या ऑक्सिजनही वापरतात आणि किण्वनही करतात. भराभर वाढायला केवळ ऊर्जा पुरत नाही, नवी पेशी बांधायला कार्बनचे सुटे भाग लागतात, आणि ते ग्लुकोजच्या अर्धवट विघटनातून मिळतात. आणि दडपले म्हणावे, तर ‘वॉरबर्ग परिणाम’ हा कर्करोगशास्त्रात सर्रास शिकवला जाणारा विषय आहे. पेट स्कॅनमध्ये (किरणोत्सारी खूण लावलेले ग्लुकोज देऊन करायच्या तपासणीत) गाठ चमकते ती याच ग्लुकोजच्या हावरटपणामुळे.

लांब जायला नको. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. प्राण्यांच्या पेशींचा राष्ट्रीय संग्रह तिथे आहे आणि तिथून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी दिल्या जातात. त्यांत कर्करोगाच्या पेशी आहेत. अशा पेशी सर्वसाधारणपणे ३७ अंश सेल्सिअसच्या पेटीत, हवेत सुमारे पाच टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळून वाढवतात, म्हणजे त्यांना शरीरातल्या ऊतींपेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन मिळतो. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या पेशी अशाच परिस्थितीत जगभर आजतागायत वाढत आहेत. आणि शरीरात ऑक्सिजनचा दाब सर्वांत जास्त जिथे असतो त्या फुप्फुसाला कर्करोग होतो, हे तर कुणालाच सांगायला नको.

या मुद्द्यात सत्याचा जो कण आहे तोही सांगायला हवा. मोठ्या गाठीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या धड पोचत नाहीत, तिथे ऑक्सिजन खरोखर कमी असतो, आणि अशा भागावर किरणोपचाराचा परिणाम कमी होतो. ऑक्सिजन घटल्याचे पेशीला कसे कळते आणि ती त्याप्रमाणे आपली जनुके कशी चालू-बंद करते, हे उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. परंतु गाभ्यातली ती टंचाई वाहिन्यांच्या दुरवस्थेची आहे. गावाला पाणी येत नाही ते वस्तीपर्यंत नळ नाही म्हणून. खडकवासला धरण आणखी भरून काय होणार? हा दावा मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण गाठ लागलेला माणूस श्वासांवर विसंबून दोन-तीन महिने घालवू शकतो.

आम्लधर्मी शरीराचा मुद्दा एका वाक्यात उलटतो: वर पाहिल्याप्रमाणे आम्लता किंचित वाढली की हिमोग्लोबिन पेशींना ऑक्सिजन जास्त देते, कमी नाही. तेही क्षारधर्मी पाण्याने घडवता येत नाही. रक्ताचा सामू (पीएच) ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्टीत फुप्फुसे आणि मूत्रपिंडे राखतात, आणि प्यालेले क्षारधर्मी पाणी आधी जठरातल्या तीव्र आम्लात जाऊन पडते.

ऑक्सिजनयुक्त पाण्याचा हिशेब कुणालाही करता येईल. शुद्ध ऑक्सिजनखाली ठेवलेल्या एक लिटर पाण्यात, २५ अंशांना आणि साध्या वातावरणीय दाबाला, सुमारे ४० मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. वायूच्या रूपात तो सुमारे ३० मिलिलिटर होतो. शरीराचा विश्रांतीतला खर्च मिनिटाला २५० मिलिलिटर धरला, तर पूर्ण बाटली साधारण सात सेकंदांची बेगमी झाली, तीही आतड्याने सगळा ऑक्सिजन शोषला असे धरून. बाटलीचे बूच उघडताच त्यातला काही उडून जातो तो वेगळाच. साध्या अर्ध्या लिटरच्या एका श्वासात शंभर मिलिलिटर ऑक्सिजन फुकट असतो.

पिंपळाबद्दल थोडक्यात. हिरव्या झाडाचा ऑक्सिजन पाण्याचे रेणू फोडून सुटतो आणि ते फोडायला प्रकाश लागतो. अंधारात पिंपळ ऑक्सिजन देत नाही. उलट त्याच्याही पेशींत तंतुकणिका आहेत आणि त्या रात्रभर ऑक्सिजन घेतच असतात. काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात, त्यावरून हा समज पसरला असावा, पण त्यांचाही ऑक्सिजन दिवसाच सुटतो. पिंपळाखाली झोपायला माझी हरकत नाही. पाखरे आणि डास यांचा तेवढा विचार करावा.

राहिली ती ऑक्सिजनची डबी. वर म्हटल्याप्रमाणे धडधाकट माणसाच्या रक्तात तिला भरायला जागाच नसते. ज्याला खरोखर गरज असते, त्याला किती लिटर, किती वेळ हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते, कारण ऑक्सिजन अति झाला तरी अपाय करतो. १९४० च्या दशकात मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांना मुक्तहस्ते ऑक्सिजन दिला जात असे, आणि त्यामुळे अनेकांची दृष्टी जाते हे पुढच्या दशकात लक्षात आले.

आणि या डबीने खऱ्या कारणाचा शोध मागे पडतो. हिवाळ्यात बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने कार्बन मोनॉक्साइड साचून माणूस गुंगतो. तो वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो, आणि साधा ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनच समजून आकडा ठीक दाखवतो. तिथे डबी हुंगत बसायचे नसते. माणसाला उघड्या हवेत आणून थेट रुग्णालयात न्यायचे असते. थकव्याचेही तसेच. आमच्याच समूहातल्या एक वहिनी चौथ्या टप्प्यावर बसून पडत. संदेश वाचून त्यांनी डबी मागवली होती आणि रोज सकाळी ऑक्सिमीटर लावून आकडा आम्हाला अभिमानाने दाखवत. तो नेहमी ९८ असे. मी त्यांना साधी रक्ततपासणी करून घ्यायला सांगितले. हिमोग्लोबिन सात आले, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात वीसऐवजी जेमतेम नऊ मिलिलिटर ऑक्सिजन. शंभरातल्या ९८ जागा भरलेल्याच होत्या. गाडीच अर्ध्याहून लहान होती. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि लोह जाते कुठे ते शोधायला पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. डबी अजून त्यांच्या कपाटात आहे, सीलबंद.